दाढ ठणकते तेव्हा : लवंगेपासून फिलिंगपर्यंत, काय करावे आणि काय टाळावे

दाढदुखी बहुतेक रात्रीच जोर करते. दवाखाने बंद, घरातले सगळे झोपलेले आणि आपण गाल धरून बसलेलो. आपल्या घरांत तर दुखणे अंगावर काढायची सवयच आहे. अम्मी म्हणतात, "ईद होऊन जाऊ दे, मग बघू." आमच्याही घरी असेच झाले. रमजानभर लवंग दाबून दिवस काढले आणि जी दाढ साध्या फिलिंगमध्ये वाचली असती, ती शेवटी काढावी लागली. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

दात का दुखतो?

दातावर सर्वांत बाहेर कडक आवरण असते, त्याखाली थोडा मऊ थर आणि मध्यभागी नस. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. कीड बाहेरच्या आवरणात असते तोवर काहीच दुखत नाही. आतल्या थरात गेली की थंड, गोड लागल्यावर कळ येते आणि लगेच जाते. नसेपर्यंत पोचली की काही न खाताही दाढ ठणकते, रात्री झोप लागत नाही, गरम चहाने दुखणे वाढते.

हा फरक ओळखणे महत्त्वाचे. क्षणभराची कळ असेल तर बहुधा फिलिंगने काम भागते. दुखणे तासन् तास राहात असेल तर बहुधा रूट कॅनल करावे लागते किंवा दाढ काढावी लागते. उशीर जितका जास्त, तितका खर्चही जास्त.

घरी काय करता येते?

• कोमट पाणी आणि मीठ : एक ग्लास पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. अडकलेले अन्न निघते, हिरडीला आराम मिळतो.
• लवंग : लवंगेत युजेनॉल नावाचे द्रव्य असते, ते थोडा वेळ बधिरता आणते. डॉक्टर जे तात्पुरते सिमेंट भरतात, त्यातही हेच वापरतात. तेल असेल तर एक थेंब कापसावर घेऊन फक्त दुखऱ्या दातावर ठेवा. जास्त लावले तर हिरडी भाजते. लहान मुलांना लवंगेचे तेल लावू नका.
• बर्फ : गालाला सूज असेल तर कपड्यात गुंडाळून बाहेरून दहा-पंधरा मिनिटे शेका. गरम शेक देऊ नका.
• गोळी : मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल घेता येते, पण पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त नाही. आयब्युप्रोफेन रिकाम्या पोटी घेऊ नये. अल्सर, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

या उपायांनी दुखणे दबते, कीड जात नाही. पडलेला खड्डा कोणत्याही तेलाने भरून येत नाही.

हे मात्र करू नका

अ‍ॅस्पिरिनची गोळी दातावर दाबून ठेवू नका, हिरडी जळते. मेडिकलवरून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. त्याने नसेचे दुखणे बरे होत नाही. मिश्री किंवा तंबाखू लावल्याने बरे वाटते म्हणणाऱ्या खाला, फुफ्फी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्याने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन "किडे" काढून दाखवणाऱ्यांपासूनही सावध राहा. दातात असे किडे नसतात.

फिलिंग म्हणजे काय?

डॉक्टर किडलेला भाग मशिनने काढतात आणि खड्डा भरून दात बंद करतात. गरज पडली तर आधी बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. एका साध्या दाताला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो.

दाताच्या रंगाचे कंपोझिट निळ्या प्रकाशाने तिथेच घट्ट होते. ग्लास आयोनोमर सिमेंट फ्लोराइड सोडते, म्हणून मुलांच्या दातांत बरेचदा वापरतात, पण ते कंपोझिटपेक्षा लवकर झिजते. पूर्वी "चांदी" भरायचे, त्यात पारा असतो. आता तिचा वापर कमी झाला आहे.

फिलिंगनंतर ओठ बधिर असेपर्यंत खाऊ नका, गाल चावला जातो. काही दिवस थंड लागले तर घाबरू नका. मात्र चावताना तोच दात आधी टेकत असेल तर परत जाऊन घासून घ्या.

रोजा आणि गुसल

जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1997 च्या ठरावात सांगितले आहे की दात कोरणे, काढणे किंवा साफ करणे याने रोजा तुटत नाही, मात्र घशात गेलेले काही गिळता कामा नये. तरी मनात शंका असेल तर इफ्तारनंतरची वेळ घ्या. गोळी गिळली तर रोजा तुटतो, म्हणून ती इफ्तार ते सहेरी या वेळेत घ्या. दुखणे असह्य असेल तर आजारी माणसाला नंतर कजा करण्याची सवलत सूरह बकरामध्येच आहे. पक्क्या बसवलेल्या फिलिंगमुळे गुसलला अडचण येत नाही, असेच उलमा सांगतात. आपल्या मसलकप्रमाणे मौलानांना विचारून घ्यावे.

तातडीने कधी जावे?

गाल किंवा मान सुजली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर सकाळची वाट पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. डायबिटीस असलेल्यांनी तर अजिबात थांबू नये.

खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईतले नायर दंत रुग्णालय, पुण्यात आझम कॅम्पसमधले रंगूनवाला दंत महाविद्यालय इथे चौकशी करा. कॉलेजांत खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी पैसे लागतात, फक्त वेळ काढून जावे लागते.

शेवटी मुलांबद्दल. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते, ती दुधाची नसते, ती कायमची असते. "पडणारच आहे" म्हणून सोडू नका. मिस्वाक जरूर करा, पण रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रशही करा. आणि अम्मीने गाल धरलेला दिसला तर ईदची वाट न पाहता त्यांना घेऊन जा. त्या स्वतःहून म्हणणार नाहीत.