वतन, वंशावळ आणि बहिणीचा हिस्सा

मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या आमच्या नाशिकमध्ये काझी, खतीब, पीरजादे, इनामदार ही आडनावे आजही ऐकू येतात. महाराष्ट्रातील खेड्यांत मुस्लीम पाटील आणि देशमुखही भेटतात. ही आडनावे मुळात कामाची किंवा मानाची. त्यासोबत जमीन आली आणि जमिनीतून घराण्याची ओळख घडली. सनदेबरोबर वंशावळही जपली गेली. पण त्या वंशावळीत मुलींची नावे क्वचितच सापडतात. असे का व्हावे?

शरीयतने तर मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. समजा, १६ एकर जमीन आहे आणि मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. पत्नीला अष्टमांश म्हणजे २ एकर, मुलाला ७ आणि प्रत्येक मुलीला साडेतीन एकर. हिशेब सोपा आहे. अडचण हिशेबाची नव्हे, रिवाजाची होती.

मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशनने रिवाजाला धर्मशास्त्राच्या आधी स्थान दिले. १८४७ साली खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला, तेव्हा मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने रिवाजच मान्य केला. पाटीलकी-देशमुखीच्या वतनांसाठी १८७४ चा वतन कायदा आला. १८८६ च्या दुरुस्तीने तर शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून घराण्यातील इतर स्त्रियांना पुरुष वारसांच्या मागे ढकलले. वतनदार हिंदू असो वा मुसलमान, नियम एकच. वतन परघरी जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

१९३७ च्या शरीयत कायद्याने रिवाज बाजूला सारला, पण शेतजमीन त्यातून वगळली. कारण १९३५ च्या कायद्यानुसार तो प्रांतांचा विषय होता. मद्रासने १९४९ मध्ये दुरुस्ती करून ही उणीव भरून काढली.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. १९५० मध्ये परगणा व कुलकर्णी वतनांचा, तर १९६२ मध्ये पाटीलकीचा कायदा झाला. वतन गेले, आडनाव उरले आणि आडनावाबरोबर जुनी समजूतही उरली. आज बहीण हक्कसोडपत्रावर सही करते ती कायद्याच्या नव्हे, माहेर तुटेल या भीतीने. हिस्सा सोडला तर ईदी येत राहते, दार उघडे राहते. काही घरांत तर बाप हयात असतानाच मुलींकडून नकार लिहून घेतात. वास्तविक मुस्लीम कायद्यात वारसाहक्क मृत्यूनंतरच उत्पन्न होतो. जो हक्क अजून मिळालाच नाही, तो सोडणार कसा?

बहिणीने राजीखुशीने हिस्सा भावाला दिला तर आमची हरकत नाही. परंतु देण्यासाठी तो आधी तिचा व्हावा लागतो. म्हणून वारसनोंदीत तिचे नाव आधी लागावे, सातबाऱ्यावर यावे. पुढचा निर्णय तिचा. नमाज-रोज्यात शरीयत आणि शेताच्या बांधावर रिवाज, असे किती दिवस चालायचे? पुढच्या पिढीसाठी वंशावळ लिहायला बसू, तेव्हा त्यात मुलींची नावेही लिहू या.