बातमी माना कॅम्पला उतरली

रायपूरच्या उत्तरेला उरला ही औद्योगिक वसाहत. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, धुरांडी आणि मालट्रकच्या रांगा. शहराच्या दुसऱ्या अंगाला, विमानतळाच्या वाटेवर, माना कॅम्प. तंबू कधीच गेले, पक्की घरे आली, बाजार भरू लागला, पण गावाच्या नावातला ‘कॅम्प’ काही निघाला नाही. १९७१ साली पूर्व बंगालात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, काय घडले हे रायपूरच्या साध्या माणसाला कळले ते बरेचसे या बाजूने.

त्या साली रायपुरात टीव्ही नव्हता. तो साऱ्या देशात फक्त दिल्लीला होता. मुंबईला आला १९७२ च्या गांधी जयंतीला, आणि रायपूरच्या खेड्यांनी तो पाहिला १९७५ मध्ये, उपग्रहाच्या ‘साइट’ प्रयोगात. युद्धाची हलती चित्रे दिसायची ती थिएटरात, मुख्य सिनेमाआधी सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटात. बाकी भिस्त रेडिओवर. आकाशवाणीचे रायपूर केंद्र १९६३ पासून चालू होते. पोस्टात परवान्याचे पैसे भरून ज्याने रेडिओ घेतला, त्याच्या ओट्यावर बातम्यांच्या वेळी सारी आळी जमायची. छापील बातमीसाठी रायपूरची हिंदी दैनिके होती आणि मराठी घरांसाठी नागपूरहून रेल्वेने येणारे अंक. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेली मराठी कुटुंबे तात्यापारा आणि आसपासच्या मोहल्ल्यांत राहत होती. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. प्रांत बदलला, तरी नातीगोती आणि वाचनाची सवय काही राज्य पुनर्रचनेच्या नकाशावर चालत नाही.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल आरंभली. विद्यापीठाची वसतिगृहे, पोलिसांच्या बराकी आणि जुन्या ढाक्यातल्या हिंदू वस्त्या हे पहिले बळी. परदेशी बातमीदारांना लष्कराने हॉटेलात कोंडले आणि नंतर देशाबाहेर काढले. सायमन ड्रिंग हा तरुण ब्रिटिश वार्ताहर हॉटेलातच लपून राहिला आणि संचारबंदी उठताच शहर पाहून आला. त्याचा वृत्तान्त ३० मार्चला लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये आला. जगाला खरा हादरा बसायला जून उजाडला. १३ जूनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये अँथनी मस्करेन्हस यांनी जे लिहिले ते लष्कराबरोबर हिंडून, अधिकाऱ्यांच्याच तोंडून ऐकून लिहिले होते. बायकामुले पाकिस्तानाबाहेर पोहोचेपर्यंत मजकूर छापू नये, ही त्यांची अट होती. ते कराचीचे पत्रकार, पण गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले आणि जन्म बेळगावचा. त्या वर्षाचा सर्वांत धाडसी वृत्तान्त लिहिणारा माणूस आपल्या सीमाभागात जन्मला होता, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये.

पण लंडनचा अंक रायपूरला कोण वाचणार? रायपूरला आली ती माणसे.

माना नवीन नव्हते. १९६४ च्या जानेवारीत खुलना-ढाक्याकडे दंगली उसळल्या, तेव्हा तिकडून आलेल्यांना दंडकारण्यात वसवण्याआधी ठेवण्यासाठी ही संक्रमण छावणी उभी राहिली होती. त्यांत नमःशूद्र शेतकरी आणि कोळी पुष्कळ होते. पाण्याच्या मुलखातली माणसे, मुरमाड माळावर आणून सोडलेली. १९७१ मध्ये सीमेवरची राज्ये भरून वाहू लागली, तेव्हा केंद्र सरकारने निर्वासितांना खास गाड्यांनी आतल्या भागात हलवले. वर्षाअखेर भारतात नोंदलेले निर्वासित जवळजवळ ९९ लाख होते. त्यांतले दोन लाखांहून अधिक मध्य प्रदेशातल्या छावण्यांत होते (रायपूर तेव्हा त्याच राज्यात होते), आणि माना त्यांतले मोठे नाव. नव्यांना काय झाले हे जुन्यांना समजावून सांगावे लागले नाही. आपण सात वर्षांपूर्वी जे सोडून आलो तेच आता कितीतरी मोठे होऊन आले आहे, हे त्यांना पहिल्या चार वाक्यांत उमगले असणार.

वर्तमानपत्राने रायपूरला आकडा दिला. छावणीने दिले ते वेगळेच. कोणाचे गाव जळले, कोण नदी ओलांडताना मागे राहिले, कोणती आई दोन मुले घेऊन निघाली आणि एकालाच घेऊन पोहोचली. भाषा बंगाली, ऐकणाऱ्याची छत्तीसगढी, हिंदी किंवा मराठी. पण ‘आगुन’ म्हणजे आग हे सांगायला दुभाष्या लागत नाही. डॉक्टर, शिधा वाटणारे कारकून, स्टेशनवरचे हमाल, कपडे आणि दूधभुकटी घेऊन जाणारे स्वयंसेवक, हेच त्या बातमीचे खरे वार्ताहर. संध्याकाळी ते घरी परतले की बातमी त्यांच्याबरोबर गल्लीत शिरायची.

आणखी एक गोष्ट छावणीत उघड होती आणि छापील मजकुरात दबलेली होती. निर्वासितांत हिंदूंचे प्रमाण फार मोठे होते. दिल्लीला ते पक्के ठाऊक होते. पण ते ठळक केले तर देशात दंगली भडकतील, आणि हा हिंदू-मुसलमानांचा वाद आहे असे म्हणायला पाकिस्तानला निमित्त मिळेल, या काळजीपोटी सरकारने त्यावर भर दिला नाही आणि बहुतेक वृत्तपत्रांनीही संयम पाळला. मुसलमान बंगालीही हजारोंनी मारले जात होते, हेही तितकेच खरे. संयमाचे कारण रास्त होते. तरी ज्याला फक्त हिंदू म्हणून हाकलले, त्याच्या दुःखाचे अर्धे नावच त्या संयमात गळाले.

दबलेली बातमी अशी तोंडी पोहोचणे, हा अनुभव नागपूर-रायपूरच्या जुन्या मध्य प्रांताला नवा नव्हता. इथे १९४२ आठवावेच लागते.

महायुद्ध चालू होते, ‘चले जाव’चा ठराव झाला होता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला पोलिसांनी गोळीबार केला. बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा त्यात पडला. चिडलेल्या जमावाने अधिकाऱ्यांना ठार केले. त्यानंतर लष्कर गावात आले, पुरुषांना पकडून नेले, आणि उरलेल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्याची बातमी सरकारने दाबली. चिमूरला रेल्वे नव्हती. तिथले वृत्त नागपूरला पोहोचले ते तोंडातोंडी. हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांनी तिथे जाऊन चौकशी केली. नागपूरच्या काही बायका गेल्या आणि पीडित स्त्रियांशी स्वतः बोलल्या. बायकांनी बायकांना सांगितले म्हणून ते बाहेर आले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गुप्त काँग्रेस रेडिओने चिमूरची हकीकत प्रसारित केली. नोव्हेंबरात पोलिसांनी ते केंद्र पकडले.

चिमूरच्या तरुणांना ज्यांच्या खंजिरी भजनांनी भारले होते, त्या तुकडोजी महाराजांना ऑगस्टअखेर अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना डिसेंबरपर्यंत ठेवले. छापखान्याला कुलूप घालता येते, हे सरकारला ठाऊक होते; भजन गाणाऱ्यालाही आत घालावे लागते, हेही त्याने ओळखले होते.

सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चौकशीसाठी उपोषण धरले. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले बापूजी अणे यांच्या दिल्लीतल्या दारी गेले, चिमूरला जायला पायी निघाले, पकडले गेले, पुन्हा निघाले. सरकारने उपोषणाच्या बातम्यांवरही बंदी घातली, तेव्हा संपादक उठले. ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. नववर्षाच्या सरकारी पदव्यांची यादी छापायलाही नकार दिला. वाचकाच्या हाती त्या दिवशी काहीच आले नाही, आणि तेवढ्यावरून त्याला कळले की चिमूर नावाच्या गावी काहीतरी भयंकर झाले आहे. तडजोड झाली आणि ६३ दिवसांनी, १२ जानेवारीला, उपोषण सुटले.

१९७१ चे सरकार आपले होते आणि त्याला बातमी पोहोचवायचीच होती. १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा ‘शरणार्थी सहायता’ तिकीट लावणे सक्तीचे झाले. घाईत कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटांवरच ते शब्द छापून काम भागवले गेले. रेल्वेच्या भाड्यावरही कर बसला. कोकणातल्या आजीने रायपूरच्या लेकीला पाकीट धाडले तरी त्यावर हे तिकीट. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्याही खिशातून तो पैसा गेला, आणि कशासाठी, असे विचारल्यावर पोस्टमनने सांगितले. त्या वर्षी याहून दूरवर पोहोचलेले बातमीपत्र दुसरे नसेल.

१५ डिसेंबरला नागपुरात ‘लोकमत’ दैनिक म्हणून सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. १९७२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत निर्वासितांच्या गाड्या उलट दिशेने धावू लागल्या. १९७१ चे बहुतेक जण परत गेले. १९६४ चे माना कॅम्पमध्ये आणि दंडकारण्यातच राहिले. पाच पैशांचे तिकीट ३१ मार्च १९७३ पर्यंत चालले.

राहिलेल्यांतले हजारो जण १९७८ मध्ये सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर राहायला गेले. त्यांचे पुढारी सतीश मंडल माना कॅम्पचेच. १९७९ च्या जानेवारीत पश्चिम बंगाल सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला आणि मे महिन्यात पत्रकारांना दूर ठेवून बेट रिकामे केले गेले. जे वाचले त्यांतल्या पुष्कळांना गाड्यांत बसवून पुन्हा दंडकारण्याकडे पाठवण्यात आले. बेटावर काय झाले, हे छत्तीसगडला पुन्हा त्यांच्याच तोंडून कळले.