आधीं खलनायक, मग नायक

पुराणांतील कोणत्याही असुराची कथा घेतली, तरी तिचे तीन भाग सहज दिसून येतात. प्रथम तप आणि वर, नंतर त्या वराचा मद, आणि शेवटीं वर मागतांना राहून गेलेली एक फट. हिरण्यकशिपूला घरांत मरण नव्हतें आणि घराबाहेरही नव्हतें. उंबरठा मात्र तो विसरला. रावणानें देवदानवांपासून अभय मागून घेतलें. मनुष्य त्याच्या गणतींतच नव्हता. असुर रचणें म्हणजे केवळ अक्राळविक्राळ देह कल्पिणें नव्हे. त्याच्या बळाचा उगम, त्याच्या क्रोधाचें कारण आणि त्याच्या नाशाचें बीज हीं तिन्ही कल्पावीं लागतात. विसाव्या शतकांत अमेरिकेंतील कांहीं शाळकरी मुलांनीं हेंच काम फावल्या वेळचा छंद म्हणून आरंभिलें. त्या छंदाचा इतिहास जितका मनोरंजक, तितकाच मन अस्वस्थ करणारा आहे.

त्यांतलें एक मोठें प्रकरण ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहरीं घडलें. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघे १९१४ सालीं जन्मलेले, युरोपांतून देशांतर करून आलेल्या ज्यू कुटुंबांतले मुलगे. सीगल मूळचा क्लीव्हलंडचाच. शुस्टर लहानपणीं टोरोंटोहून आईबापांबरोबर तेथें आलेला. ग्लेनव्हिल हायस्कुलांत दोघांची गांठ पडली. एकाला विज्ञानकथा लिहिण्याचें वेड, दुसऱ्याला चित्रें काढण्याचें. दोघेही अबोल आणि चष्मा लावणारे. शुस्टरच्या घरीं चांगल्या कागदाला पैसे नसत; पुडे बांधण्याचा तपकिरी कागदही त्याला चित्रासाठीं चाले.

१९२९ सालीं सुरू झालेली महामंदी तेव्हां ऐन भरांत होती. कारखाने बंद पडत होते, आणि कालपर्यंत मानानें जगलेलीं माणसें फुकट मिळणाऱ्या पावासाठीं रांगेंत उभीं राहत होतीं. १९३२ च्या जून महिन्यांत सीगलच्या घरावर घाला पडला. त्याचे वडील कपड्यांचें दुकान चालवीत. एके रात्रीं चोरटे दुकानांत शिरले असतां ते जागच्या जागीं कोसळले आणि गतप्राण झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सीगलनें सायक्लोस्टाइलवर छापलेली 'सायन्स फिक्शन' नांवाची पत्रिका सुरू केली. तिचे अवघे पांच अंक निघाले. त्यांपैकीं तिसऱ्या, म्हणजे १९३३ च्या जानेवारीच्या अंकांत त्यानें टोपणनांवानें एक कथा लिहिली व शुस्टरनें तिला चित्र दिलें. कथेचें नांव होतें 'द रेन ऑफ द सुपरमॅन', म्हणजे अतिमानवाचें राज्य.

हा अतिमानव नायक नव्हता, खलनायक होता. स्मॉली नांवाचा एक रसायनशास्त्रज्ञ पावाच्या रांगेंतून बिल डन नांवाच्या निराधार माणसाला जेवणाचें व नव्या कपड्यांचें आमिष दाखवून घरीं नेतो, आणि उल्केंतून मिळविलेलें एक द्रव्य त्याच्या पोटांत घालतो. त्या द्रव्यानें डनला दुसऱ्यांचीं मनें वाचण्याची व वळविण्याची शक्ति येते. भस्मासुराप्रमाणें तो प्रथम वर देणाऱ्यावरच उलटतो. शास्त्रज्ञाचा जीव घेऊन तो जगावर सत्ता गाजवावयास निघतो. परंतु त्या द्रव्याचा गुण टिकाऊ नसतो, आणि तें तयार करण्याची कृति मेलेल्या शास्त्रज्ञाबरोबरच नाहींशी झालेली असते. शक्ति ओसरते, आणि डन पुन्हां त्याच रांगेंत जाऊन उभा राहतो.

कथा लिहिणारा मुलगा अठरा वर्षांचा होता. त्याची भाषा कच्ची असेल. पण वर, मद आणि फट हीं तिन्ही अंगें त्यानें अचूक साधलीं होतीं. इतकेंच नव्हे, तर त्याचा खल जन्मतः दुष्ट नव्हता. तो एक भुकेलेला माणूस होता, आणि त्याच्या भुकेचा फायदा एका विद्वानानें घेतला होता. म्हणून कथेच्या शेवटीं कोणा वीराच्या हातून त्याचा वध होत नाहीं. त्याला त्याच्या भुकेकडे परत पाठविलें जातें. ज्या शहरांत अशा रांगा रोज दिसत, त्या शहरांतील वाचकाला याहून निराळी शिक्षा खरी वाटली नसती.

पुढें सीगलनें तेंच नांव उलटें केलें. अतिमानव दुर्बळांचा कैवारी झाला. अनेक प्रकाशकांनीं नाकारलेली ही कल्पना अखेर १९३८ सालीं विकली गेली. तेरा पानांच्या कथेबद्दल १३० डॉलर देण्यांत आले आणि त्याच रकमेंत सर्व हक्कही गेले. त्या वर्षाच्या जूनची तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत सुपरमॅन अवतरला. अंकाची किंमत दहा सेंट होती.

पण नायक मिळाला, तेव्हां नवीच अडचण उभी राहिली. बायकोला मारणारा नवरा, लांच देणारा राजकारणी, मजुरांच्या जिवाशीं खेळणारा खाणमालक हे त्याचे आरंभींचे शत्रू. ज्याला गोळी लागत नाहीं, त्याच्यापुढें असले शत्रू दोन पानेंही टिकत ना. तेव्हां बुद्धीनें झुंजणारा शत्रू हवा झाला. १९३९ च्या जूनमध्यें 'अल्ट्रा-ह्यूमनाइट' नांवाचा पंगु शास्त्रज्ञ आला, आणि १९४० च्या एप्रिलमध्यें लूथर आला. लूथर प्रथम तांबड्या केसांचा होता. वर्षभरांतच तो टकला झाला. १९३३ च्या त्या जुन्या चित्रांतील खलाचें डोकेंही असेंच तुळतुळीत होतें. १९४३ सालीं सुपरमॅनच्या रेडिओ-मालिकेंत 'क्रिप्टोनाइट' हा दगड निर्माण झाला, आणि नायकाच्या वराची फटही सांपडली. उल्केंतून खलाला बळ मिळालें होतें. आतां आकाशांतून पडलेल्याच एका दगडानें नायकाचें बळ हरपूं लागलें.

लूथरच्या वैराला मात्र वीस वर्षें पुराण नव्हतें. तो दुष्ट होता, कारण कथेला दुष्ट हवा होता. दरम्यान सीगल आणि शुस्टर यांनीं १९४७ सालीं आपल्या निर्मितीच्या हक्कासाठीं दावा लावला. पुढील वर्षीं कांहीं रक्कम घेऊन त्यांना सुपरमॅनवरचा हक्क सोडावा लागला, आणि कथांवरून त्यांचीं नांवेंही उतरलीं. १९५९ च्या सुमारास सीगल पुन्हां त्याच कंपनींत आला, तो दर पानामागें मोबदला घेणारा अनामिक लेखक म्हणून. १९६० च्या एप्रिलमध्यें 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या २७१ व्या अंकांत लूथरची पूर्वकथा आली, ती सीगलच्याच हातची. तींत लूथर हा बालवयांतील सुपरमॅनचा मित्र आहे. तो प्रयोगशाळेंत एक सजीव पदार्थ निर्माण करतो. आग लागते, मित्र ती फुंकरीनें विझवितो. पण त्या वाऱ्यानें रसायनें सांडतात, लूथरचे केस जातात आणि निर्माण केलेला जीवही नष्ट होतो. बलाढ्य मित्रानें आपली निर्मिति मत्सरानें हिरावली, असें तो कायमचें धरून बसतो. स्वतःची निर्मिति गमावलेल्या लेखकानें आपल्या खलाला हें दुःख दिलें, तेव्हां कोठें लूथर माणूस झाला.

याच सुमारास हा छंद पुन्हां मुलांच्या व तरुणांच्या हातीं आला. १९६१ सालीं जेरी बेल्स व रॉय थॉमस यांनीं 'आल्टर ईगो' ही हौशी पत्रिका काढली. १९६३ मध्यें टेक्सासमधून 'स्टार-स्टडेड कॉमिक्स' निघूं लागली. तींत हौशी लेखकांनीं स्वतः रचलेले नायक आणि खल असत. १९६७ सालीं याच पत्रिकेंत जॉर्ज आर. आर. मार्टिन नांवाच्या तरुणाची एक कथा आली. तिचा खल होता सागेल, अंधाराचा अधिपति, पृथ्वीवर कायमची रात्र पसरवूं पाहणारा. पुढें 'सुपरवर्ल्ड' या १९८३ च्या बैठ्या खेळांत मार्टिन आणि त्यांचे मित्र पात्रें रचीत रात्री जागवूं लागले, आणि त्या खेळांतून १९८७ सालीं 'वाइल्ड कार्ड्‌स' ही ग्रंथमाला जन्मली.

१९७५ सालीं मालक कंपनीनें सीगल व शुस्टर यांना प्रत्येकीं वर्षाला २०,००० डॉलर देण्याचें आणि सुपरमॅनच्या कथांवर त्यांचीं नांवें पुन्हां छापण्याचें मान्य केलें. शुस्टर १९९२ मध्यें व सीगल १९९६ मध्यें वारला.

वहीच्या मागल्या पानांवर राक्षस रचीत बसलेलें मूल पाहून वडीलधाऱ्यांना तें वेळ फुकट घालवीत आहे असें वाटतें. परंतु नायक रचतांना मूल आपल्याला काय व्हावयाचें आहे तें लिहितें. खल रचतांना आपण कशाला भितों आणि कोणता अन्याय आपल्याला विसरवत नाहीं, तें लिहितें. क्लीव्हलंडच्या मुलानें आधीं दुसरी गोष्ट लिहिली, म्हणूनच पहिली त्याला साधली. ज्यानें बिल डनला रांगेंत उभें केलें होतें, त्याच्याच सुपरमॅननें पुढें दुर्बळांची बाजू घेतली.