कमरपट्ट्यावरची जागा

प्रशासनात ज्यांना आपण नियम म्हणतो, त्यांतील कित्येकांचा उगम कोणा एका माणसाच्या अडचणीत असतो. कालांतराने अडचण विस्मरणात जाते आणि नियम तेवढा उरतो. आज अशाच एका, वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे. गणवेशातील शिपायाने पिस्तूल कमरेच्या कोणत्या बाजूस बांधावे?

हा प्रश्न मला पडण्याचे काही कारण नव्हते. माझे शिक्षण अर्थशास्त्राचे आणि नोकरी कागदांची. परंतु २००९ च्या लोकसभा निवडणुकीत खर्च निरीक्षक म्हणून रोहिलखंडातील एका जिल्ह्यात गेलो, तेव्हा मला एक अंगरक्षक देण्यात आला. चाळिशीचा, मितभाषी हवालदार. मुक्कामावर उभा असताना त्याचे पिस्तूल उजव्या कमरेला असे. गाडीत पुढच्या सीटवर बसताना मात्र तो होल्स्टर सरकवून डावीकडे घेई. दोन-तीन दिवस पाहिल्यावर मी कारण विचारले. "साहेब, मी डावखुरा आहे," तो म्हणाला, "आणि भांडारात उजव्या हाताचीच होल्स्टरे मिळतात."

उजव्या हाताकरिता शिवलेले होल्स्टर डाव्या कमरेला नेले की पिस्तुलाची मूठ मागे न राहता पुढे येते. डाव्या हाताने ते काढायचे तर मनगट उलटे वळवावे लागते. उजवीकडेच ठेवले तर डावा हात पोटावरून पलीकडे न्यावा लागतो. दोन गैरसोयींपैकी प्रसंगानुरूप एक निवडणे, एवढेच स्वातंत्र्य त्याला होते.

योगायोग असा की, कमरपट्ट्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध अडचण याच रोहिलखंडातली. मे १८५८ मध्ये बरेली इंग्रजांच्या हाती परत गेली, तरी तराईच्या बाजूला लढाई धुमसतच होती. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पहाटे पिलीभीतजवळच्या सिरपुरा येथे, कॅप्टन सॅम्युअल ब्राउन हा बराकपूरला जन्मलेला इंग्रज घोडदळ अधिकारी केवळ एका स्वारासह आपल्या लोकांच्या तोफेवर चालून गेला. त्या झटापटीत त्याच्या गुडघ्यावर वार झाला आणि दुसऱ्या वाराने डावा हात खांद्यापासून तुटला. या कृत्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. प्रशस्तिपत्रात त्या सोबतच्या स्वाराचा उल्लेख आहे, नाव नाही.

तलवार डाव्या कमरेला लोंबते, डाव्या हाताने म्यान स्थिर धरायचे आणि उजव्या हाताने तलवार उपसायची, ही तेव्हाची रीत. डावा हातच गेल्यावर म्यान धरणार कोण? ब्राउनने जाड चामडी कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून तिरपा येणारा दुसरा पट्टा जोडला. त्यामुळे म्यान जागच्या जागी राहू लागले आणि पिस्तूल उजव्या कमरेला झाकणाच्या होल्स्टरमध्ये बसले. ही सोय दोन्ही हात शाबूत असलेल्या अधिकाऱ्यांनाही आवडली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत 'सॅम ब्राउन' पट्टा ब्रिटिश लष्करात रूढ झाला, पुढे इतर देशांच्या सैन्यांत आणि पोलीस दलांतही पसरला. भारतात पोलीस अधिकारी समारंभाच्या गणवेशात तो आजही घालतात.

त्या काळी पिस्तुलाची जागा ठरवीत होती ती तलवार. त्याआधी घोडेस्वाराची पिस्तुले खोगिराला अडकवलेल्या जोड-होल्स्टरांत असत. ती कमरेवर आली तेव्हा डावी बाजू तलवारीने आधीच अडवलेली होती. अमेरिकी घोडदळात एकोणिसाव्या शतकात रिव्हॉल्व्हर उजव्या कमरेलाच असे, पण मूठ पुढे करून. कारण उजवा हात तलवारीसाठी राखलेला मानला जाई. म्हणजे माझा हवालदार गाडीत बसून मनगट उलटे वळवीत होता, तो नकळत एका जुन्या घोडदळी रीतीचा आरसाच होता.

तलवार गेली. मग जागेचा विचार नव्याने करणे प्राप्त होते, आणि जगातील अनेक पोलीस दलांनी तो केलाही, बहुधा ठेचा खाऊनच. पोलिसाचे स्वतःचेच शस्त्र हिसकावून त्याच्यावर रोखले जाते, हा अनुभव अमेरिकेत वारंवार आल्यावर १९७० च्या दशकात एका माजी एफबीआय अधिकाऱ्याने एकाहून अधिक अटकाव असलेली होल्स्टरे विकसित केली. आपल्याकडे पिस्तुलाला बांधलेली दोरी हेच काम जुन्या पद्धतीने करते. पोटाजवळ आडवे बांधलेले पिस्तूल समोरच्या माणसाच्या हाताला सोपे जाते आणि उपसताना शेजारच्यावर रोखले जाते. पाठीच्या मध्यावर ठेवले तर पडल्यावर मणक्याला इजा संभवते. मांडीवर बांधलेले धावताना हेलकावे खाते. म्हणून सर्वसाधारण पसंती एकाच जागेला आहे : ज्या हाताने गोळी झाडायची, त्याच बाजूचे कमरेचे हाड किंवा त्याच्या किंचित मागे. तेथे कोपराने होल्स्टर दाबून धरता येते आणि समोरच्याशी बोलताना ती बाजू मागे ठेवून उभे राहता येते. यालाही उणिवा आहेतच. आपल्या गाड्यांत चालकाशेजारी बसणाऱ्याच्या उजव्या कमरेपाशीच सीटबेल्टची खाच येते आणि होल्स्टर तिच्यात अडकते.

या साऱ्या विचाराचे सार 'उजवी बाजू' असे नाही. 'त्या माणसाची चालती बाजू' असे आहे. माणसांत दर दहांत सुमारे एक डावखुरा असतो. एकाच नमुन्याची घाऊक खरेदी स्वस्त पडते, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाकारणार नाही. पण त्या स्वस्ताईची उरलेली किंमत खरेदीच्या कागदात दिसत नाही. ती दहाव्या माणसाच्या मनगटावर पडते.

ती कशी, हे मी एका संध्याकाळी पाहिले. नाक्यावरच्या तपासणीत रोकड सापडली, शब्दाला शब्द वाढला आणि जमावाने गाडीला वेढा घातला. हवालदार खाली उतरून माझ्या दाराशी उभा राहिला. उजवा तळवा होल्स्टरच्या झाकणावर घट्ट दाबलेला, डावा हात मोकळा. वीसेक मिनिटांत कुमक आली आणि प्रसंग टळला. परतताना तो म्हणाला, "काढायची वेळ आली नाही, साहेब. पण कोणी हिसका दिला असता, तर माझा कामाचा हात उशिरा पोहोचला असता."

दुसऱ्या दिवशी मी संबंधितांना टिपण पाठवले. उत्तर सौजन्यपूर्ण होते : मंजूर साहित्यात एकच नमुना आहे, वेगळ्या नमुन्यास स्वतंत्र मंजुरी लागेल. निवडणुकीचे दिवस, टिपण तेथेच राहिले.

निघण्याच्या दिवशी हवालदाराच्या डाव्या कमरेला नवे होल्स्टर होते, मूठ मागे असलेले. बाजारातल्या मोच्याकडून स्वखर्चाने शिवून घेतलेले. मी समाधान व्यक्त केले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "अहवालात लिहू नका, साहेब. गणवेशात फेरफार केला म्हणतील."

मी लिहिले नाही. त्याच परिसरात दीडशे वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने आपल्या अडचणीपायी पट्ट्यात फेरफार केला, आणि त्या फेरफाराला त्याचे नाव मिळाले. हवालदाराचे नाव मीही येथे देत नाही, कारण तशी त्याचीच इच्छा होती. मात्र ते टिपण मी पुढे रेटायला हवे होते, असे आज वाटते.