चिंतेचा इतिहास

चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जित्याला, असे घरोघरच्या आज्या सांगत आल्या. ती नेमकी कशी जाळते, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. ती हकीकत मला थोडक्यात सांगावयाची आहे.

हान्स सेली हा प्राग येथे वैद्यक शिकत असता त्याच्या ध्यानी आले की, रोग निरनिराळे असले तरी रोग्यांचा मलूलपणा सारखाच. पुढे कॅनडातील माँट्रिअल येथे त्याने उंदरांवर प्रयोग केले. थंडी, जखम, अतिश्रम, विष, कारण कोणतेही असो, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी वाढत, थायमस ग्रंथी आक्रसे आणि जठरास व्रण पडत. हे त्याने १९३६ साली प्रसिद्ध केले. ताणाची कल्पना वैद्यकात रुजली ती त्याच्यामुळे.

१९६७ साली होम्स व राहे या अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातील ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूस सर्वाधिक, १००. ती यादी वाचताना माझ्या मनात आले, यात आमच्या रोजच्या कटकटी कोठे आहेत? हाच प्रश्न रिचर्ड लाझारस व त्यांच्या सहकाऱ्यांनाही पडला होता. १९८१ साली त्यांनी मध्यम वयाच्या १०० माणसांच्या पाहणीतून दाखविले की, मनाच्या तक्रारींशी मोठ्या आघातांपेक्षा या बारीकसारीक कटकटींचेच नाते अधिक जवळचे आहे.

१९९३ साली मॅक्युएन व स्टेलर यांनी आणखी उलगडा केला. संकटात जे स्राव शरीराला तारतात, तेच वर्षानुवर्षे पाझरत राहिले की रक्तदाब, रक्तवाहिन्या व साखर यांवर झीज साचत जाते. वय वाढते तसतशी ती जाणवू लागते.

मला सर्वांत बोलका वाटला तो अमेरिकेतील १९९५ सालचा प्रयोग. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या त्याच वयाच्या १३ स्त्रिया, यांच्या हातावर सारखीच इवलीशी जखम करण्यात आली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना सुमारे ४९ दिवस लागले.

आपण सोशिक बाईचे कौतुक करतो, तिच्या अंगावरची ही झीज मात्र कोणी पाहत नाही. शेजारी कोणी दुखणेकऱ्याच्या उशाशी अडकली असेल, तर आठवड्यातून एक दुपार आपल्यापैकी एकीने तेथे बसावे आणि तिला मोकळे करावे. मंडळाने पुढील वर्षी एवढे मनावर घ्यावे, ही माझी विनंती.