सलिव्हन, कॉलिन

ऑस्ट्रेलियन श्वसनरोग व निद्रारोगतज्ज्ञ, आणि निद्राश्वासरोधावरील नासिकामार्गी वायुदाब-उपचाराचे जनक. सिडनी विद्यापीठातील अध्यापन-संशोधन आणि तेथील रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयातील रुग्णसेवा अशा दोन्ही अंगांनी त्यांची कारकीर्द घडली.

झोपेत घशाचे स्नायू सैलावले की काही माणसांचा जिभेमागील श्वासमार्ग मिटतो. छाती श्वासासाठी झटत असता हवा मात्र आत शिरत नाही, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठ्या घरघरीसह श्वास सुटतो, आणि डोळा लागताच तोच क्रम पुन्हा आरंभतो. असे रात्रीतून शेकडो वेळा घडलेला मनुष्य दिवसा बोलता बोलता पेंगतो. आणि घोरणे म्हणजे गाढ झोप, असा आपल्याकडे समज असल्यामुळे त्याची कैफियत घरच्यांनाही उमगत नाही. १९८० पर्यंत गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे हाच या निद्राश्वासरोधावर खात्रीचा इलाज होता.

सलिव्हन यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात टोरांटो येथे एलियट फिलिप्सन यांच्यासमवेत निद्रिस्त कुत्र्यांच्या श्वसनाचा अभ्यास केला होता. सिडनीस परतल्यावर, जून १९८० मध्ये, गळ्यातील छिद्राला नकार देणारा एक बांधकाम-कामगार त्यांच्या उपचारांखाली आला. नाकावाटे सौम्य दाबाची हवा अखंड सोडली, तर मोडल्या हाडाला कामट्यांनी आधार मिळावा तसा मिटणाऱ्या घशाला तो हवेनेच मिळेल, अशी त्यांची उपपत्ती होती. आणि तो गृहस्थ एक रात्र प्रयोगास राजी झाला. दाब वाढवताच श्वास मोकळा व्हावा, उतरवताच घसा पुन्हा मिटावा, असा पडताळा त्या रात्री वारंवार आला. आरंभीची सामग्री अगदी ओबडधोबड होती : धूळ ओढणाऱ्या घरगुती यंत्राचा पंखा, आणि रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन घडवलेला मुखवटा, जो रोज रात्री सिलिकोनच्या चिकट लेपाने चेहऱ्यावर डकवावा लागे. तो सोसूनही रुग्ण घरी उपचार चालू ठेवीत, यावरून त्यांच्या पूर्वीच्या रात्रींची कल्पना यावी.

फैक ईसा, मायकेल बर्थन-जोन्स व लोरेन ईव्ह्ज यांच्यासह त्यांनी पाच रुग्णांचा वृत्तांत एप्रिल १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दाब अवघा ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका होता. पुढे १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवले, की स्नायुदौर्बल्याने झोपेत श्वास अपुरा पडणाऱ्यांनाही नाकावरील मुखवट्यातून कृत्रिम श्वसन देता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे कार्य पहिल्याइतकेच मोलाचे आहे, जरी त्याचा उल्लेख विरळा होतो. अर्भकांचे निद्राश्वसन व गरोदरपणातील रक्तदाब हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. पीटर फॅरेल यांनी १९८९ मध्ये याच शोधाच्या आधारे कंपनी स्थापली, तीच पुढे रेसमेड या नावाने ओळखली जाऊ लागली.

हा उपचार विकार समूळ नाहीसा करीत नाही. मुखवटा उतरवला की घसा पुन्हा मिटू लागतो, म्हणून तो रोज रात्री लावावा लागतो. तथापि मध्यम व तीव्र निद्राश्वासरोधात आजही पहिली शिफारस याच उपचाराची होते.