ओरत्तनाडूचं छत्र आणि रवांडातली गुंतवणूक



आजच्या विषयाला निमित्त माझ्या पुतण्याचं. चार पैसे गाठीला लागले आहेत, आणि कुठल्याशा सल्लागाराने त्याच्या डोक्यात रवांडा भरवलंय. परवा म्हणाला, "काका, तुम्ही तिकडेच होतात ना? मग सांगा, घालू का पैसे?"

तिकडे म्हणजे अगदी शेजारी. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना आमची तुकडी कांगोतल्या गोमा शहरात होती. रस्त्याच्या पलीकडे रवांडा. २६ हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ देश, चहा, कॉफी आणि थोडी खनिजं. समुद्र नाही. मालाचा ट्रक मोंबासाहून किंवा दार-एस-सलामहून निघतो आणि किगालीला पोहोचेपर्यंत दीड हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवतो. एका पोत्यामागे किती पडतात हे त्या वाटेवरचे दुसरे देश ठरवतात. १९९४ च्या नरसंहारानंतर त्या देशाने स्वतःला कसं उभं केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वच्छ रस्ते, कंपनीची नोंदणी एका दिवसात, कारकुनाला चहापाणी द्यावं लागत नाही. हे खरं आहे. पण डोक्यावरचं कर्ज मोठं आहे, हेही खरं. आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा बंडखोरांच्या हाती पडलं, रवांडावर त्यांना पाठबळ दिल्याचा आरोप झाला, तेव्हा काही पाश्चात्त्य देशांनी मदत कशी आखडती घेतली तेही आपण पाहिलं.

मी पुतण्याला म्हटलं, आधी माझ्याबरोबर ओरत्तनाडूला चल, मग बोलू.

ओरत्तनाडु हे तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव. तिथे एका मराठी राजाने बांधलेलं अन्नछत्र आहे. ते तिथे का आलं हे कळायला जरा मागे जावं लागेल.

शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. कावेरीचं खोरं, भाताचं कोठार. नकाशावर या राज्याला लांबच लांब किनारा दिसतो. पण फौजेत एक सवय लागते: नकाशावर नुसती रेघ बघायची नाही, त्या रेघेवर ठाणं कोणाचं आहे ते बघायचं. तरंगमबाडी १६२० पासून डॅनिश लोकांकडे. नागपट्टणम १६५८ पासून डचांकडे. ही दोन्ही मराठ्यांच्या आधीच गेलेली. पुढे गादीच्या भांडणात पैसा हवा होता, म्हणून कारैकल फ्रेंचांना देऊ केलं आणि १७३९ मध्ये ते त्यांच्या ताब्यात गेलं. १७४९ मध्ये देवीकोट्टै इंग्रजांना मिळालं. अदिरामपट्टणमसारखी किरकोळ बंदरं उरली. समुद्र होता, पण दारं दुसऱ्यांची. भात पिकवायचं आपण आणि जहाजात चढवायचं परक्याच्या जकातीतून.

आता या राज्यात 'परकीय गुंतवणूक' कशी आली ते ऐका.

१७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने अर्काटच्या नवाबासाठी तंजावर जिंकलं आणि तुळजाराजांना कैद केलं. नवाबाने कर्जं काढली होती मद्रासच्या इंग्रजांकडूनच, आणि ती फेडायची तंजावरच्या पिकातून असा सगळा बेत. १७७६ च्या एप्रिलमध्ये मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने लंडनच्या हुकमानुसार तुळजाराजांना पुन्हा गादीवर बसवलं. त्याबरोबर कंपनीचाच एक नोकर पुढे आला, पॉल बेनफील्ड. म्हणाला, तंजावरच्या महसुलावर माझा हक्क आहे. नवाबाने लिहून दिलेले १ लाख ६२ हजार पौंड, आणि तिथल्या लोकांना उभ्या पिकावर दिलेलं कर्ज ७२ हजार. एकूण २ लाख ३४ हजार पौंड! पगारी नोकराकडे एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला. पिगटने दावा मानला नाही. त्याच ऑगस्टमध्ये कौन्सिलातल्या बहुमतवाल्यांनी खुद्द गव्हर्नरलाच अटक केली, आणि पुढच्या वर्षी तो कैदेतच मेला. १७८५ मध्ये एडमंड बर्कने पार्लमेंटात या कर्जांवर भाषण केलं आणि बेनफील्डला सोलून काढलं. उपयोग शून्य.

या साऱ्या हिशेबात तंजावरच्या शेतकऱ्याने काय खाल्लं, याचा रकाना कुठेच नाही. १७८१ मध्ये हैदरच्या फौजांनी खोरं उद्ध्वस्त केलं तेव्हा तर खायलाही काही उरलं नाही.

अशा राज्यावर १७९८ मध्ये सरफोजी दुसरे बसले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा तरुण. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ ला, कंपनीने तह करून राज्यकारभार काढून घेतला. राजाला किल्ला, वर्षाला १ लाख स्टार पगोडा म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. आता समुद्रच काय, शेतही हातात उरलं नाही.

इथे सरफोजींनी जे केलं त्याला मी सलाम करतो. जे गेलं त्यासाठी ते रडत बसले नाहीत. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहिलं आणि आपल्या घराण्याची छत्रं कशी चालतात ते बारकाईने सांगितलं. ही छत्रं रामेश्वरच्या वाटेवर राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावाने बांधलेली, नीडामंगलमचं यमुनांबेचं वगैरे. पत्रातला तपशील असा: ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, येईल त्याला अन्न. शिजवलेलं न खाणाऱ्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, कोणी उपाशी राहिलं असेल तर या. आजाऱ्याला वैद्य. वाटेत आईबाप गेलेली पोरं पंतोजीच्या हवाली, त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांनी एकदा तेलाची न्हाणी, आवडीची विद्या, आणि शिकून झाल्यावर लग्नाचा खर्चसुद्धा. हे सगळं चालू राहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

मी आयुष्यात बरीच निवेदनं लिहिली, वरिष्ठांना आणि सरकारला. हरलेल्या बाजूने लिहिलेलं इतकं नेमकं निवेदन मी दुसरं वाचलेलं नाही.

छत्रं राजाच्या देखरेखीखाली राहिली. आणि त्याच सुमारास, १८०२ च्या आसपास, ओरत्तनाडूचं नवं छत्र उभं राहिलं. मुक्तांबा ही सरफोजींची प्रिय सहचरी, पट्टराणी नव्हे. ती अकाली गेली. जाताना तिने आपल्या नावाने अन्नदान व्हावं असं मागितलं, असं सांगतात. छत्राच्या खर्चाला जमिनीचं उत्पन्न जोडून दिलं, आणि शाळाही घातली. लक्षात घ्या, हे गाव जुन्या कावेरी पाटाच्या बाहेरचं, कोरडवाहू. कल्लणै कालव्याचं पाणी या भागात आलं ते मेट्टूर धरणानंतर, १९३४ मध्ये. म्हणजे व्याज मिळण्याची काही आशा नसलेल्या जागी राजाने पैसा घातला.

पुढे काय झालं? १८५५ मध्ये शिवाजी दुसरे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्य खालसा केलं, राजाची खाजगी मालमत्ताही उचलली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या, आणि १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे कोर्टाच्या अखत्यारीतच येत नाही असं सांगितलं. राज्य गेलं, बेनफील्डही केव्हाच कंगाल होऊन मेला होता. छत्रं मात्र राहिली. आधी सरकारकडे, मग जिल्हा बोर्डाकडे. छत्राच्या निधीतून तिरुवैयारूचं संस्कृत कॉलेज निघालं. विसाच्या दशकात बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी ओरत्तनाडु आणि राजामडमच्या छत्रांची वसतिगृहं ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांना खुली केली. सरफोजींच्या पत्रातली ती पंगत तेव्हा शाळेच्या बाकावर पोहोचली असं मी समजतो. आज या मिळकतींचा कारभार तंजावरचे जिल्हाधिकारी बघतात.

इमारतीची मात्र दशा आहे. रथाला जुंपल्यासारखे दगडी हत्ती-घोडे दिसतात, पण बरीच पडझड झालीय. आमच्यातले कितीतरी लोक बृहदीश्वराला जातात, सरस्वती महाल पाहतात आणि परततात. बेळगावचे, इंदूरचे, बडोद्याचे मराठी यात्रेकरू मला भेटतात, ओरत्तनाडूचं नाव कोणी ऐकलेलं नसतं.

पुतण्याला मी एवढंच म्हटलं: रवांडात पैसे घालणाऱ्या कंपनीचे कागद आण. बंदरापर्यंतचा रस्ता कोणाच्या हातात आहे, देशाचा महसूल कोणाकडे गहाण आहे, आणि तुझी कंपनी उद्या बुडाली तर तिथल्या गावात मागे काय राहील, हे त्यात शोधू. तिसऱ्या प्रश्नावर तो हसला. "काका, हे प्रॉस्पेक्टसमध्ये नसतं."

कागद अजून आलेले नाहीत. ओरत्तनाडूला यायला मात्र तयार झालाय. तंजावरहून पट्टुक्कोट्टैची बस धरायची, ती गावातूनच जाते.